जुन्या मोटारीवर खर्च करावा कीं नाहीं?

पुष्कळ सुशिक्षित घरांतून आज एक प्रश्न वरचेवर निघतो. दाराशीं बारा-चौदा वर्षांची लहान मोटार उभी असते. विकावयास काढली तर तिला पंचवीस हजारांपलीकडे कोणी मोजीत नाहीं. आणि गॅरेजवाला मात्र सर्व्हिसिंग व दुरुस्ती मिळून अठरा हजारांचा अंदाज हातीं देतो. घरांतील एक पक्ष म्हणतो, "ही तर चार आण्यांची कोंबडी आणि बारा आण्यांचा मसाला!" दुसरा पक्ष म्हणतो, "गाडी चालते आहे ना? मग दुरुस्तच कशाला करावयाची?" दोन्ही पक्षांचें म्हणणें वरवर पाहतां पटतें, परंतु दोघांनींहि माप चुकीचें घेतलें आहे.

गाडी दुसऱ्यास दिली असतां काय मिळेल, एवढेंच बाजारभाव सांगतो. दुरुस्तीचे पैसे देऊन आपण घेतों ती आणखी कांहीं महिन्यांची सुखरूप जा-ये. तेव्हां ह्या महिन्यांचा दर काय पडतो आणि तीच सोय दुसऱ्या मार्गानें केवढ्यास पडेल, हें ताडून पाहिलें पाहिजे. गणित प्राथमिक शाळेंतील आहे. पण तें मांडण्यापूर्वीं गॅरेजवाल्याच्या अंदाजाची नीट फोड करून घ्यावी.

एकरकमी आंकडा कधींहि मान्य करूं नये. प्रत्येक कामाचा व प्रत्येक सुट्या भागाचा खर्च वेगळा लिहून मागावा, आणि त्या यादीचे तीन वर्ग पाडावे.

पहिला वर्ग जिवाशीं संबंध असलेल्या कामांचा. ब्रेक, टायर, स्टीअरिंग, सस्पेन्शन आणि दिवे हीं ह्यांत येतात. ब्रेकमधील तेल हवेंतील ओलावा शोषून घेतें. ओलावा वाढला म्हणजे तें कमी उष्णतेस उकळूं लागतें, आणि घाटाच्या लांब उतारावर ब्रेक वारंवार दाबतांना पेडल एकाएकी मऊ लागतें. म्हणूनच दर दोन वर्षांनीं तें बदलण्याची शिफारस सर्वसाधारणपणें केली जाते. टायरचें रबरहि न चालतां जुनें होतें. टायरच्या अंगावरील चार अंक पहावे: २३१९ असें असेल तर तो टायर २०१९ सालच्या तेविसाव्या आठवड्यांत बनला आहे असें समजावें. खांचांच्या तळाशीं असलेल्या १.६ मिलिमीटर उंचीच्या खुणेपर्यंत रबर झिजलें, कीं टायर संपला. ह्या वर्गांत काटकसरीस जागा नाहीं. हीं कामें करावीं, अथवा गाडी रस्त्यावर आणूं नये. गाडी स्वस्त असली तरी तिच्यांत बसणारीं मुलें आणि तिच्यासमोरून रस्ता ओलांडणारा वाटसरू हे स्वस्त नसतात.

दुसरा वर्ग मोठा खर्च टाळणाऱ्या लहान खर्चाचा. इंजिन ऑइल व त्याचा फिल्टर, कूलंट, हवेचा फिल्टर हीं ह्यांतलीं. ऑइल जुनें झालें कीं त्याची वंगणशक्ति जाते व इंजिन आंतून झिजतें. कूलंट कमी झालें तर इंजिन तापून त्याच्या डोक्याचा भाग वांकतो. मग जें काम निघतें तें जुन्या गाडीच्या किंमतीशीं स्पर्धा करतें. ज्या इंजिनांत टायमिंगसाठीं रबरी पट्टा असतो, त्यांत पट्टा तुटला तर गाडी जागच्या जागीं थांबते. आणि पुष्कळ इंजिनांत व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळून मोडतात. गाडी वर्षभर ठेवावयाची असेल तर ह्या वर्गांतील नेहमींचीं कामें बहुधा आपला खर्च भरून काढतात. मात्र दोन महिन्यांत विकावयाची असेल, तर ऑइल व कूलंट पाहून थांबावें.

तिसरा वर्ग सुखसोयीचा व शोभेचा: रंगकाम, आंतील आवाज, वातानुकूलन, गादीची खोळ. येथें मन मानेल तसें करावें; पण हा खर्च विकतांना परत मिळेल अशी आशा धरूं नये.

आतां गणित. आंकडे केवळ उदाहरणादाखल घेतले आहेत. श्रोत्यांनीं आपापले घालावे. समजा, गाडीस आज पंचवीस हजार येतात व दोन वर्षांनीं पंधरा हजार येतील. घट दहा हजारांची. आजची दुरुस्ती अठरा हजार. पुढील दोन वर्षांची देखभाल दरसाल आठ हजारांप्रमाणें सोळा हजार. बेरीज चव्वेचाळीस हजार. चोवीस महिन्यांस वांटली तर महिना सुमारें १,८३० रुपये. हिच्याऐवजीं अडीच लाखांची वापरलेली गाडी घेतली, ती दोन वर्षांनीं एक लाख ऐंशी हजारांस गेली, आणि देखभाल, नांवबदल व विम्याचा वाढीव हप्ता मिळून सोळा हजार लागले, तर बेरीज शहाऐंशी हजार, म्हणजे महिना सुमारें ३,५८० रुपये. ह्यांत गुंतलेल्या रकमेचें व्याज धरलेलें नाहीं. "अठरा हजार" हा आंकडा ऐकून दचकणाऱ्या गृहस्थानें दुसरा आंकडाहि पहावा.

परंतु तिसरा मार्गहि आहे: गाडी काढून टाकावी व रिक्षा-टॅक्सीनें हिंडावें. महिन्यांतून आठ वेळां बाहेर जावयाचें, जाऊनयेऊन तीनशें रुपये, तर खर्च २,४०० होतो. जुन्या गाडीच्या १,८३० मध्यें विमा महिना ३६० व पेट्रोल खेपेस ८० प्रमाणें ६४० मिळवले तर २,८३० होतात. ह्या घरानें गाडी दुरुस्त करणें तोट्याचें आहे. पण त्याच घरांत कोणास आठवड्यांतून तीनदां डायालिसिससाठीं इस्पितळांत न्यावें लागत असेल, तर खेपा तेरा होतात. टॅक्सीस ३,९०० आणि गाडीस सुमारें ३,२३० लागतात. गाडी तीच, मिस्त्री तोच, अंदाजहि तोच. बदलली ती केवळ घराची गरज, आणि तिनेंच उत्तर फिरविलें.

हिशेबांत एक रक्कम मात्र कधींहि घालूं नये, आणि ती म्हणजे पूर्वीं झालेला खर्च. "गेल्या वर्षीं क्लचला बारा हजार घातले, ते वायां कसे दालूं द्यावयाचे?" असें मन म्हणतें. गाडी ठेवली वा विकली, ते बारा हजार परत येत नाहींत. नवा क्लच असल्यामुळें पुढील खर्च कमी होणार असेल तर तेवढा फायदा जरूर धरावा.

कायद्याची तारीखहि पहावी. खाजगी मोटारीची नोंदणी पंधरा वर्षांची असते व पुढें तपासणी होऊन ती पांच-पांच वर्षांनीं नवी करावी लागते. १ एप्रिल २०२२ पासून ह्या नूतनीकरणाची फी ६०० रुपयांवरून ५,००० झाली, आणि वीस वर्षांवरील गाड्यांसाठीं २०२५ सालीं ती आणखी वाढली. महाराष्ट्रांत पर्यावरण करहि भरावा लागतो. पांच हजारांची फी पांच वर्षांस वांटली तर महिना ८३ रुपये. पण गाडी एकच वर्ष ठेवावयाची असेल तर तीच ४१७ पडते. म्हणून नोंदणी कधीं संपते हें पुस्तकांत पाहून मगच मोठें काम काढावें.

सुटे भाग मिळतात कीं नाहीं, हेंहि विचारावें. १९८३ च्या डिसेंबरांत रस्त्यावर आलेल्या मारुति ८०० चें उत्पादन जानेवारी २०१४ मध्यें थांबलें. तरी तिचा भाग व तो बसविणारा मिस्त्री तालुक्याच्या गांवींहि सांपडतो. शेव्हरोलेनें येथील विक्री २०१७ अखेर थांबविली व फोर्डनें २०२१ सालीं येथील बाजारांतून अंग काढून घेतलें. अशा गाडीचा भाग मागवावा लागेल कां व त्यास किती दिवस लागतील, हें काम सुरू करण्यापूर्वींच ठरवून घ्यावें.

कांहीं लक्षणें दिसलीं कीं गणित थांबवावें. मुंबई-रत्नागिरीसारख्या समुद्रकांठच्या खाऱ्या हवेंत तळाचा पत्रा गंजतो. वरचा गंज साधा. पण सस्पेन्शन जेथें अंगाशीं जोडलेलें असतें तेथें पत्रा कुजला असेल तर रंग देऊन भागत नाहीं. इंजिन सतत निळा धूर सोडीत असेल तर तें आंतून ऑइल जाळीत आहे. अशा वेळीं गाडी उचलून खालून पहावी, कॉम्प्रेशन तपासावें, आणि शक्यतों हें काम दुरुस्ती न करणाऱ्या दुसऱ्या जाणकाराकडून करवावें. ह्या तपासणीचे थोडे रुपये मोठी चूक वांचवितात.

गाडी मोडीत काढावयाची ठरली, तर ती रस्त्यावरच्या भंगारवाल्यास न देतां नोंदणीकृत केंद्रांत द्यावी, तेथील प्रमाणपत्र घ्यावें आणि नोंदणी रद्द करून घ्यावी. आपल्या नांवाची गाडी दुसऱ्याच्या हातीं फिरत राहिली तर पुढील भानगडी आपल्या दारीं येतात.

ह्या आठवड्यांत एक करावें. अंदाजाचा कागद पुढें घ्यावा, तीन वर्ग पाडावे, आणि येत्या दोन वर्षांत घरास किती खेपा लागतील तें घरांतील सर्वांनीं मिळून लिहावें. पहिल्या वर्गाचे पैसे द्यावयाची तयारी नसेल, तर किल्ली खुंटीला लावावी. ती असेल, तर बाकीचा निर्णय त्या कागदावरील बेरीजच देईल.