चार हजार ठिपक्यांतलं आकाश

धाराशिव जिल्हा तेव्हा उस्मानाबाद होता आणि घरातला पहिला मोबाइल बहुधा वडिलांच्या नाहीतर थोरल्या भावाच्या खिशात असायचा. कळंब, भूम, परंडा, उमरगा, कुठेही जा. नोकियाचा सेट हाती लागला की पोरांत दोन पक्ष पडायचे. एक सापाच्या गेमचा, दुसरा विमानाच्या गेमचा. सापाला पुढे भरपूर कौतुक मिळालं. विमानाचा गेम म्हणजे ‘स्पेस इम्पॅक्ट’ मात्र मागे पडला. माझ्या मते दोघांत सरस तोच होता. त्याचं नीट परीक्षण व्हायला हवं होतं.

हा गेम 2000 साली आलेल्या नोकिया 3310 मध्ये होता. त्याची पुढची आवृत्ती, ‘स्पेस इम्पॅक्ट प्लस’, 2003 च्या नोकिया 1100 मध्ये आली. पहिल्या सेटचे जगभरात सव्वाबारा कोटींच्या वर नग खपले. दुसऱ्याचे पंचवीस कोटींच्या वर. 1100 ला टॉर्च होती आणि धूळ आत जाऊ न देणारं सलग कीपॅड होतं. भारनियमनाच्या त्या वर्षांत मराठवाड्यात हा सेट का चालला, हे वेगळं सांगायला नको. टॉर्चसाठी घेतलेल्या फोनमधून अंतराळयुद्धाचा एक अवघड गेम गावोगाव पोचला.

किती अवघड, हे पडदा पाहिल्याशिवाय कळत नाही. 3310 चा पडदा 84 ठिपके रुंद आणि 48 ठिपके उंच. सगळे मिळून 4032 ठिपके, तेही फक्त काळे. त्यातली वरची पट्टी गुण, उरलेले जीव आणि अस्त्रं दाखवण्यात जायची. तुमचं विमान जेमतेम दहा ठिपके लांब. शत्रू उजव्या कडेनं आत शिरतो तेव्हा तुमच्यात आणि त्याच्यात उरतात थोडेसेच ठिपके. दूरवर दिसतंय, तयारी करू, अशी सोयच नाही. त्यात त्या काळच्या एलसीडीवर हलती वस्तू मागे पुसट सावली सोडायची, त्यामुळे गोळी नेमकी कुठे आहे हे डोळ्याला अंदाजानंच ठरवावं लागे. वर, खाली, पुढे, मागे, गोळी आणि खास अस्त्र ही सहा कामं आकडे दाबायच्या बटणांवर. दुसऱ्याच्या हातातला सेट घेतला की कुठलं बटण जास्त झिजलंय यावरून हा विमानवाला आहे, हे ओळखू यायचं.

यंत्राच्या मर्यादेपायी गेम अवघड होणं ही या खेळप्रकाराची जुनीच गोष्ट आहे. 1978 मध्ये तोमोहिरो निशिकादो यांनी जपानच्या ताइतो कंपनीसाठी ‘स्पेस इन्व्हेडर्स’ केला. त्यात शत्रू मरत जातात तसे उरलेले वेगानं धावू लागतात. हे मुळात ठरवलेलं नव्हतं. पडद्यावर कमी आकृत्या उरल्या की यंत्रावरचा भार हलका व्हायचा आणि त्या पळायच्या. निशिकादोंनी ते तसंच ठेवलं आणि त्यातूनच खेळाची चुरस वाढली.

हातातल्या यंत्रांवर ही अडचण आणखी टोकदार झाली. गेम बॉय 1989 मध्ये आला आणि आर्केडमधले गाजलेले विमानगेम त्याच्या 160 बाय 144 ठिपक्यांत बसवायची धडपड सुरू झाली. गेमवर लिहिणाऱ्यांपुढे तेव्हापासून एकच प्रश्न वारंवार आला: मेलो ते माझ्या चुकीनं, की मला काही दिसलंच नाही म्हणून? ‘इरिडियन थ्रीडी’ हे याचं चांगलं उदाहरण. गेम बॉय अॅडव्हान्सवर 2001 मध्ये आलेल्या या गेमच्या चित्रांचं आणि संगीताचं समीक्षकांनी कौतुक केलं, पण खेळ म्हणून त्याला झोडपलं. विमानाच्या पाठीमागून दिसणाऱ्या दृश्यात गोळी किती लांब आहे ते कळत नाही आणि स्वतःचं विमानच समोरचं झाकतं, ही तक्रार होती. दोनच वर्षांनी आलेल्या दुसऱ्या भागात करणाऱ्यांनी कॅमेरा वर नेला, तेव्हा त्याचं स्वागत बरंच चांगलं झालं.

हीच कसोटी ‘स्पेस इम्पॅक्ट’ला लावून बघा. शत्रू दर वेळी त्याच क्रमानं, त्याच जागी येतात. नशिबावर काही सोडलेलं नाही. पहिल्यांदा मेलात तर तिसऱ्यांदा त्या जागी जगू शकता. शेवटाला उभा असलेला मोठा शत्रूही ठराविक चालीनंच हलतो. क्षेपणास्त्र, सरळ जाणारा किरण आणि अख्खा पडदा झाडत जाणारी भिंत, यांतलं कुठलं कधी वापरायचं आणि कुठलं राखून ठेवायचं, हा खरा डावपेच. चार हजार ठिपक्यांत एवढा विचार बसवणं ही मोठी कारागिरी आहे.

उणीवही स्पष्ट सांगायला हवी. गेला तो डाव पहिल्या टप्प्यापासून. सातव्यापर्यंत पोचलेल्यालाही पुन्हा तीच सोपी पाखरं मारत यावं लागायचं, आणि मालकाला फोन परत हवा असायचा. ज्याच्याकडे फोन घटकाभरच आहे त्याच्यावर हा अन्याय होता. घरी स्वतःचं यंत्र घेऊन बसणाऱ्याला ही गोष्ट तेवढी खुपली नसती. उसना फोन घेऊन खेळणाऱ्याला ती पहिल्यांदा खुपायची. म्हणून कुठल्याही गेमचं परीक्षण, तो कुणाच्या हातात किती वेळ असतो, हे धरूनच व्हायला हवं.

आपल्याकडे हे परीक्षण तोंडी झालं. एसटी स्टँडवर, वसतिगृहाच्या खोलीत, मोबाइल दुरुस्तीच्या टपरीसमोर. “इथं खाली थांब, वरून येतंय.” “भिंत आत्ता नको मारू, मोठ्यासाठी ठेव.” “दुसरी लाइफ इथंच गेली तर पुढं काय खरं नाही.” हे वरकरणी सल्ले वाटतात, पण त्यात गेमचं पूर्ण मूल्यमापन आहे: कुठला टप्पा न्याय्य, कुठला फसवा, कुठे मेहनतीचं चीज होतं. फरक एवढाच की जपानी, अमेरिकी मासिकांतलं मत छापलं गेलं आणि उमरग्याच्या पोराचं मत बॅटरीबरोबर संपलं.

हौशी प्रोग्रॅमरांनी हा गेम आता संगणकासाठी पुन्हा बांधलाय. शत्रूंचा क्रम, गुण, अस्त्रं सगळं त्यात सापडतं. पण रबरी बटणाचा ठोका, पडद्यावरची ती पुसट सावली आणि मधेच वाजणारा फोन त्यात येत नाही, आणि अवघडपणाचा अर्धा वाटा त्यांचाच होता. तो ज्यांनी सोसला ती माणसं आज तिशी-चाळिशीत आहेत. त्यांना गाठून विचारायचे प्रश्न अगदी साधे आहेत: कितव्या टप्प्यापर्यंत गेलात, कोणता शत्रू सगळ्यात नडला, त्याला चुकवायला विमान कुठे उभं करत होतात आणि ही युक्ती तुम्हाला कुणी शिकवली?