पाठ, कंबर, मान आणि कादंबरी

पावसाळ्यात भुशीला कादंबरी लिहायला आलेला एखादा तरी गृहस्थ दरवर्षी असतो. वय पंचेचाळीस-पन्नास, नोकरीतून लवकर निवृत्ती घेतलेली. धुकं, डोंगर, खिडकीशी टेबल असं चित्र त्याने वर्षानुवर्षं मनात जपलेलं असतं. पहिल्याच शनिवारी धरणाकडे जाणाऱ्या रस्त्यावर गाड्यांची रांग लागते, भाजल्या कणसांचा धूर खोलीत येतो आणि कुणाच्या तरी गाडीतलं गाणं दुसऱ्या प्रकरणात शिरतं. सोमवारपर्यंत वहीची पानं ओलाव्याने फुगलेली असतात. तरीही चिवट माणूस बसतो. भाड्याच्या खोलीतल्या प्लास्टिकच्या खुर्चीवर रोज सात-आठ तास.

पंधरा दिवसांनी तो सरकारी दवाखान्याच्या रांगेत दिसतो. मान वळत नाही, कंबर धरलेली, उजवा हात खांद्यापासून ठणकतो. केसपेपर काढताना "व्यवसाय?" असं विचारलं की तो किंचित थांबतो आणि "लेखन" म्हणतो. खिडकीतला कर्मचारी वर न पाहता "काही नाही" असं लिहितो. मानधनाचा हिशेब मांडला तर ते फारसं चूकही नसतं.

त्याच्या तक्रारीत मात्र नवीन काही नाही. जुन्या हस्तलिखित पोथ्यांच्या शेवटी नकलकाराने लिहिलेला एक संस्कृत श्लोक अनेकदा आढळतो. पाठ, कंबर आणि मान मोडली, नजर ताठरली, तोंड खाली घालून मोठ्या कष्टाने हा ग्रंथ लिहिला, तेव्हा तो जपून ठेवा, असा त्याचा भाव. आजच्या हाडांच्या ओपीडीत लिहून घेतात ती लक्षणं याहून वेगळी नसतात. दुसऱ्या एका श्लोकात पोथी स्वतःच विनवते: तेलापासून, पाण्यापासून, सैल बांधणीपासून मला वाचवा आणि मूर्खाच्या हाती देऊ नका. शेवटची विनंती टीकाकारांना उद्देशून असावी, असं वाटायला जागा आहे.

पाण्याची भीती तर मावळातल्या लेखनाला फारच खरी. भुशीचं धरण इंद्रायणीवर आहे. रेल्वेने ते वाफेच्या इंजिनांना पाणी मिळावं म्हणून बांधलं. शेजारच्या कुरवंड्याच्या डोंगरातून निघालेली ही नदी पुढे देहूला जाते. तुकोबांच्या वह्या बुडवल्या गेल्या त्या तिथे, तिच्याच डोहात. त्यानंतर तुकोबा तेरा दिवस अन्नपाण्यावाचून काठावर बसले, असं परंपरा सांगते. अभंग टिपून घेणाऱ्यांत ज्यांचं नाव आदराने घेतलं जातं त्या संताजी जगनाड्यांची समाधी मावळातच, सुदुंबऱ्याला आहे. तुकोबांच्या उपवासाबद्दल सगळे बोलतात. संताजींची बोटं किती दुखली, हे कुणी नोंदवलेलं नाही.

युरोपात हा प्रश्न विचारला तो बर्नार्दिनो रामाझ्झिनी या इटालियन डॉक्टराने. व्यवसायजन्य आजारांवरचा त्याचा ग्रंथ १७०० साली आला आणि १७१३ च्या वाढीव आवृत्तीत त्याने कारकून-लेखनिकांवर स्वतंत्र प्रकरण लिहिलं. त्याने तीन कारणं दिली: सतत बसणं, हाताची एकाच दिशेने अखंड हालचाल आणि चूक होऊ नये म्हणून मनावर पडणारा ताण. त्याच्या ओळखीच्या एका लेखनिकाचा उजवा हात आधी थकू लागला आणि शेवटी निकामी झाला. त्याने जिद्दीने डाव्या हाताने लिहायला शिकून घेतलं. काही काळाने डाव्या हातालाही तेच झालं.

तीनशे वर्षांनीही या कारणांत फारसा फरक पडलेला नाही. प्रौढ माणसाचं डोकं साधारण साडेचार-पाच किलोचं असतं. मान सरळ असेल तर हा भार मणके पेलतात, वाकली की मानेमागच्या स्नायूंना तो धरून ठेवावा लागतो. स्नायू आवळून एकाच जागी राहिला की त्याच्यातला रक्तप्रवाह मंदावतो. दुखणं येतं ते यातून. पोतं उचलणारा हमाल निदान ते खाली तरी ठेवतो!

बोरूच्या काळात एक आपोआप मिळणारी सोय होती. दर काही शब्दांनी तो दौतीत बुडवावा लागे, तेवढ्यात बोटं सैल होत, नजर वर जाई. टाकातही हे थोडंफार टिकलं. शाईपेनाने ती विश्रांती काढून घेतली, बॉलपेनाने वर दाबही मागितला. आता मोबाइलवर कथा लिहिणाऱ्यांचे दोन अंगठे हे सगळं एकट्याने सोसतात.

बहुतेक लेखकांचं दुखणं एवढंच असतं आणि ते बरं होतं. पण त्यांच्यातच अधूनमधून एक वेगळा रुग्ण येतो. हात दुखत नाही, पण पेन धरलं की बोटं आपोआप आवळतात, मनगट वळतं, अक्षर वाकडंतिकडं फुटतं. पेन ठेवलं की सगळं ठीक. तोच हात शर्टाची बटणं लावतो, भाजी चिरतो. घरचे म्हणतात, लिहायचा कंटाळा. एकोणिसाव्या शतकात लंडनच्या कारकुनांत हा विकार इतका दिसू लागला की दोष पोलादी निबांना दिला गेला, आणि पुढे कित्येक दशकं तो मनाचा आजार म्हणून खपला. १९८२ साली शीही आणि मार्सडेन या डॉक्टरांनी मांडलं की हा डिस्टोनिया आहे, म्हणजे हालचाल ठरवणाऱ्या मेंदूतल्या यंत्रणेचा बिघाड. बोट्युलिनम विषाचं अगदी थोडं इंजेक्शन नेमक्या स्नायूत देऊन, जाड पेन वापरून, पकड बदलून अनेकांना बराच फरक पडतो. त्याआधी रुग्णाला "तुझं काही सोंग नाही" हे सांगावं लागतं. मध्यमवयीन शिक्षक हे ऐकून समोर रडलेले डॉक्टरांनी पाहिले आहेत.

अक्षर आणखीही काही सांगतं. ओळ पुढे जाईल तसं ते बारीक बारीक होत गेलं, तर पार्किन्सन्सची तपासणी करावी. रात्री अंगठा आणि शेजारची दोन बोटं बधिर होऊन जाग येत असेल, तर मनगटात नस दबली असण्याची शक्यता असते. आणि काल नीट लिहिणाऱ्याला आज अचानक लिहिता येईना, शब्द आठवेना, तोंड वाकडं झालं, तर प्रतिभा आटली असं समजून चहा घेत बसू नये. तो पक्षाघात असू शकतो. रक्ताची गुठळी विरघळवणारं इंजेक्शन पहिल्या साडेचार तासांतच देता येतं, तेव्हा १०८ ला फोन करावा. दुखण्यावर महिनोन्‌महिने परस्पर वेदनाशामक गोळ्या खाणाऱ्यांनी मूत्रपिंड आणि जठर हेही आपलेच अवयव आहेत, हे ध्यानात ठेवावं.

बाकीच्यांना मात्र गोळीपेक्षा पायांचा उपयोग जास्त. मावळात याचा दाखला शोधायला लांब जावं लागत नाही. गो. नी. दांडेकर (१९१६–१९९८) तळेगाव दाभाड्याला राहत. लेखणीवर संसार चालवणारे जे थोडे मराठी लेखक झाले, त्यांपैकी ते एक. पण त्यांचं लेखन खुर्चीत सुरू होत नसे. नर्मदेची परिक्रमा, गडांच्या वाटा, माणसांच्या ओसऱ्या यांतून ते आलेलं आहे. 'माचीवरला बुधा' ज्या राजमाचीवर घडते, ती लोणावळ्याहून पंधराएक किलोमीटरच्या पायवाटेवर आहे. आरोग्यासाठी ते चालत असं म्हणणं हा त्यांच्यावर अन्याय होईल. चालणं हा त्यांच्या कामाचाच भाग होता, फायदा पाठीलाही झाला असणार.

स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या दोघा संशोधकांनी २०१४ साली हे मोजून पाहिलं. बसून विचार करणाऱ्यांपेक्षा चालणाऱ्यांना नव्या कल्पना जास्त सुचल्या, आणि चालून येऊन बसल्यावरही तो परिणाम थोडा वेळ टिकला. गंमत अशी की कोऱ्या भिंतीकडे तोंड करून ट्रेडमिलवर चालणाऱ्यांनाही फायदा झाला. म्हणजे भुशीची खोली भाड्याने घेतली नसती तरी चाललं असतं.

घेतलीच आहे तर सकाळी गर्दीच्या आधी कुरवंड्याच्या रस्त्याने तासभर चालून यावं. रस्त्यानेच. जून २०२४ मध्ये धरणामागच्या धबधब्यात एकाच कुटुंबातली माणसं वाहून गेली, त्या पाण्याशी सलगी नको. दर अर्ध्या तासाने उठावं, पाणी खोलीच्या दुसऱ्या टोकाला ठेवावं, पावलं जमिनीला टेकतील अशी खुर्ची घ्यावी आणि वहीखाली उतरता पाट ठेवावा. जुन्या कारकुनाचं उतरतं मेज मूर्ख माणसाने बनवलेलं नव्हतं.

आणि हाताला सुट्टी हवी असेल तर सांगून लिहवून घ्यावं. यात कमीपणा नाही. ज्ञानेश्वरांना सच्चिदानंदबाबा होते, आणि दृष्टी गेल्यावर वि. स. खांडेकरांनीही सांगूनच लिहवलं. आता लेखनिक मोबाइलमध्ये असतो, बिनपगारी, फक्त कानाने जरा कच्चा. भुशीच्या गृहस्थाने त्याला पहिलं वाक्य सांगितलं, "अंबर भरून आलं होतं." पडद्यावर उमटलं, "कंबर भरून आली होती." त्याने ते तसंच ठेवलं.