२,१४,७४,८३,६४७ : संगणक जिथे उलटा फिरतो ती संख्या

प्रोग्रामिंग शिकताना ही संख्या कधी ना कधी समोर येतेच. दोनशे चौदा कोटी चौऱ्याहत्तर लाख त्र्याऐंशी हजार सहाशे सत्तेचाळीस! जावामध्ये ‘इंट’ प्रकारच्या व्हेरिएबलमध्ये ही ठेवा आणि १ मिळवून बघा. उत्तर येतं उणे २,१४,७४,८३,६४८. एरर नाही, काही नाही. सगळं गुपचूप.

असं का होतं? ३२ बिट्सपैकी एक बिट अधिक-उणे दाखवायला जातं, उरतात ३१. त्या सगळ्या जागी १ भरले की तयार होते २ चा ३१ वा घात वजा १, म्हणजेच आपली संख्या. आणखी १ मिळवला की हातचा थेट चिन्हाच्या जागेवर जाऊन बसतो.

गणितात मात्र हिची ओळख वेगळी आहे. ही मूळ संख्या आहे, आणि २ च्या घातातून १ वजा करून मिळते म्हणून ‘मर्सेन मूळ संख्या’. हे सिद्ध केलं लिओनार्ड ऑयलरने, १७७२ मध्ये. तेव्हा त्याची दृष्टी जवळजवळ गेलेली होती! सरळ मार्गाने जायचं तर वर्गमूळापर्यंत, म्हणजे ४६,३४० पर्यंतच्या प्रत्येक मूळ संख्येने भागून बघायचं. असे भागाकार चार हजारांच्या वर होतात. ऑयलरने दाखवलं की हिचा कोणताही मूळ विभाजक असलाच, तर त्याला २४८ ने भागल्यावर बाकी १ किंवा ६३ च उरेल. ४६,३४० पर्यंत अशा संख्या जेमतेम ३७३, आणि त्यातल्याही बऱ्याच मूळ नसल्याने आधीच गळतात. एकानेही भाग गेला नाही. पुढे नव्वदहून जास्त वर्षं हीच माहीत असलेली सर्वांत मोठी मूळ संख्या होती.

संगणकाला या मूळपणाचं काही देणंघेणं नाही बरं का. तो निव्वळ योगायोग. ६४ बिट्सची कमाल मर्यादा, २ चा ६३ वा घात वजा १, हिला तर चक्क ७ ने भाग जातो.

डिसेंबर २०१४ मध्ये ‘गंगनम स्टाइल’चे व्ह्यूज ही मर्यादा ओलांडत असल्याने यूट्यूबने काउंटर ६४ बिट्सचा केल्याचं सांगितलं. पण आपल्या कामाचं उदाहरण पैशांचं आहे. अनेक सिस्टीम्स रक्कम पैशांत साठवतात. तशी ती ३२ बिट्सच्या इंटमध्ये ठेवली तर कमाल रक्कम होते २ कोटी १४ लाख ७४ हजार ८३६ रुपये ४७ पैसे. मुंबईत एका फ्लॅटच्या व्यवहारातसुद्धा ही ओलांडली जाऊ शकते!

आणि तारीख? जुन्या युनिक्स पद्धतीत वेळ म्हणजे १ जानेवारी १९७० पासूनचे सेकंद. ते सेकंद याच संख्येवर पोचतील १९ जानेवारी २०३८ रोजी, आपल्या घड्याळात सकाळी ८ वाजून ४४ मिनिटं ७ सेकंदांनी. पुढच्या सेकंदाला ३२ बिट्सवर अडकलेली यंत्रं १३ डिसेंबर १९०१ दाखवू शकतात. नवे फोन आणि लॅपटॉप ६४ बिट्सचे आहेत, त्यांची फारशी काळजी नको. जपायचं ते वर्षानुवर्षं कुणी हात न लावलेल्या कंट्रोलर्सना आणि जुन्या डेटाबेसना. तुमच्याकडे असा एखादा डेटाबेस असेल, तर आयडी आणि तारखेचे कॉलम आजच उघडून बघा.