विवर नाही, तरीही पुरावा

लघुग्रह समुद्रात पडला तर प्रचंड लाटा उठतात, पण मागे काही उरत नाही, असं अनेकांना वाटतं. लोणारचं विवर पाहिलेल्या माणसाला तर विवराशिवाय पुरावा ही कल्पनाच पटत नाही.

पण ‘एल्टानिन’चं उदाहरण पाहा. या अमेरिकी संशोधन जहाजाने १९६०च्या दशकात अंटार्क्टिकाच्या बाजूच्या प्रशांत महासागरातून तळाचा गाळ नळ्यांत भरून आणला. १९८१ मध्ये फ्रँक काइट आणि सहकाऱ्यांना त्यात इरिडियमचं प्रमाण भलतंच वाढलेलं आढळलं. हा धातू भूकवचात नगण्य असतो, उल्कापाषाणांत मात्र बराच. पुढे १९९५ मध्ये जर्मनीचं ‘पोलारश्टेर्न’ हे जहाज तिथे गेलं, तेव्हा लघुग्रहाचे बारीक तुकडे मिळाले आणि फार जुना गाळ उखडून वर मिसळल्याचंही दिसलं. सुमारे २५ लाख वर्षांपूर्वी, चार-पाच किलोमीटर खोल पाण्यात, किमान एक किलोमीटर व्यासाचा लघुग्रह कोसळला होता. विवर आजवर सापडलेलं नाही.

म्हणून इरिडियम दिसलं की आघात झालाच, असंही नाही. अवकाशातली धूळ रोजच पडत असते; गाळ अगदी सावकाश साचला तर तिच्यामुळेही इरिडियम वाढतं. सोबत वितळलेल्या खडकाचे काचगोलक किंवा धक्क्याने आतून चिरलेलं क्वार्ट्झ हवं.

उलट्या टोकाची घाईही होते, आणि ती आपल्या किनाऱ्यापर्यंत पोहोचली आहे. मुंबईसमोरच्या अरबी समुद्राखाली ‘शिवा’ नावाचं महाकाय विवर आहे, असा दावा संशोधक शंकर चॅटर्जी यांनी केला. नाव आकर्षक, बातम्याही झाल्या. पण बहुतेक भूवैज्ञानिकांना तो मान्य नाही. आघातविवरांच्या प्रमाणित यादीतही ‘शिवा’ नाही.

याहून भक्कम गोष्ट गोव्यात आहे. दोना पावला इथल्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या संशोधकांनी मध्य हिंदी महासागराच्या गाळातून मिलिमीटरहून लहान काचकण वेचले. सुमारे ७.९ लाख वर्षांपूर्वीच्या आघातात उडालेले हे कण ऑस्ट्रेलियापासून हिंदी महासागरापर्यंत पसरले आहेत. त्यांच्याही विवराच्या जागेवर एकमत नाही.

समुद्रतळ सगळं कायमचं जपतो, असं मात्र समजू नये. आजच्या महासागरांचा तळ जेमतेम १८ ते २० कोटी वर्षं जुना. त्याआधीचा बहुतेक तळ खंडांखाली सरकून गेला. त्याहून पुरातन आघातांसाठी जमिनीवरच यावं लागतं. दक्षिण आफ्रिकेत बार्बर्टनजवळच्या, एके काळी समुद्रात साचलेल्या खडकांत ३२० कोटी वर्षांहून जुने गोलकांचे थर आहेत.