बिंदूच्या आधीचे रझा

जानेवारी २००९मध्ये सय्यद हैदर रझा दिल्लीतल्या एका कलादालनात आपल्याच चित्रांच्या प्रदर्शनाचं उद्घाटन करायला गेले. प्रदर्शन त्यांच्या सुरुवातीच्या, १९४० आणि ५०च्या दशकांतल्या कामांचं होतं. वय ८६, मुक्काम फ्रान्समध्ये. भिंतीवरची चित्रं पाहत ते पुढे सरकले आणि त्यांच्या लक्षात आलं, यातली बरीचशी आपण काढलेलीच नाहीत. प्रदर्शन गुंडाळावं लागलं.

नकला करणाऱ्यांनी नेमकी सुरुवातीचीच कामं का निवडावीत? कारण संग्राहकांना ती हवी असतात, आणि मूळ चित्रं जगासमोर फारशी आलेली नसतात.

रझांची सर्वपरिचित ओळख म्हणजे काळा बिंदू, त्रिकोण, तापलेले लाल-पिवळे रंग. त्यांचं १९८९चं ‘जेस्टेशन’ हे चित्र २०२३मध्ये मुंबईत पुंडोल्सच्या लिलावात ५१.७५ कोटी रुपयांना गेलं. त्याआधी २०१०मध्ये ‘सौराष्ट्र’ला लंडनच्या लिलावात सोळा कोटींहून अधिक किंमत आली होती. ही दोन्ही मोठी, कॅनव्हासवरची चित्रं. पण हाच चित्रकार तिशीच्या आत प्रामुख्याने कागद आणि पाण्याच्या रंगांवर काम करत होता, आणि त्याचा विषय होता मुंबई.

रझांचा जन्म १९२२चा, मध्य प्रदेशातल्या मंडला जिल्ह्यातल्या बाबरियाचा. वडील वनखात्यात होते. नागपूरच्या कलाशाळेत शिकून रझा १९४३मध्ये मुंबईला आले. पोटासाठी एक्स्प्रेस ब्लॉक स्टुडिओत नोकरी, सोबत जे. जे. स्कूल ऑफ आर्टमधलं शिक्षण, आणि उरलेल्या वेळात शहराची चित्रं. फ्लोरा फाउंटन, बोरीबंदर, पावसाने चिंब झालेले रस्ते हे या काळातले त्यांचे विषय. ‘फ्लोरा फाउंटन इन मॉन्सून’ हे १९४५चं जलरंगचित्र त्यातलंच.

या माध्यमात लपवाछपवीला जागा नसते. तैलरंगात चुकलेला भाग खरवडून पुन्हा रंगवता येतो. पारदर्शक जलरंगात उजेड म्हणजे कोरा सोडलेला कागद, तो एकदा झाकला गेला की सहसा परत मिळत नाही. ओल्या रस्त्यावरची चकाकी ठेवायची, तर कुठे रंग लावायचा नाही हे आधीच ठरवावं लागतं. या चित्रांतल्या रझांच्या माणसांना चेहरे नसतात. कुंचल्याचे दोन-तीन फटकारे, की चालणारा माणूस उभा राहतो.

त्या काळी अशी चित्रं विकत घेणारे मोजकेच होते. नाझी छळामुळे युरोप सोडून मुंबईत आलेल्या तिघांनी रझांना मोठा आधार दिला. समीक्षक रूडी फॉन लायडन त्यांच्याविषयी लिहीत, ‘टाइम्स ऑफ इंडिया’चे कलासंचालक वॉल्टर लँगहॅमर मार्गदर्शन करत आणि उद्योजक इमॅन्युएल श्लेसिंजर चित्रं विकत घेत. १९४७मध्ये सूझा, आरा, हुसेन, गाडे आणि बाकरे यांच्यासोबत रझा प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुपमध्ये होते. १९४८मध्ये बॉम्बे आर्ट सोसायटीचं सुवर्णपदक त्यांना मिळालं.

त्याच वर्षी ते काश्मीरला गेले. ‘बारामुल्ला इन रुइन्स’मध्ये टोळीवाल्यांच्या हल्ल्यानंतरचं उद्ध्वस्त गाव दिसतं. काश्मीरमध्येच छायाचित्रकार आंरी कार्तिए-ब्रेसाँ भेटले. चित्रात रंग आहे, बांधणी हवी, सेझानचा अभ्यास कर, असा त्यांचा सल्ला होता. १९५०मध्ये रझा शिष्यवृत्तीवर पॅरिसला गेले. तिथे आधी दाट, अपारदर्शक गॉश, मग तैलरंग आणि पुढे अ‍ॅक्रिलिक. मुंबईचं ते वाहतं पाणी मागे पडलं.

म्हणूनच संग्राहकाला या कागदांचं मोल वाटतं. हा काळ जेमतेम सात-आठ वर्षांचा. त्यात कागद नाजूक, मुंबईची हवा दमट. बुरशीचे तपकिरी ठिपके, कसरीने कुरतडलेल्या कडा, उन्हाने विटलेला निळा यांमुळे किंमत झपाट्याने उतरते. संग्रहालयं जलरंगचित्रांवर साधारण ५० लक्सपेक्षा जास्त प्रकाश पडू देत नाहीत, ते याच भीतीने. मोठ्या कॅनव्हासच्या तुलनेत किंमत बरीच कमी असल्याने कोटींच्या शर्यतीत न उतरणाऱ्या रसिकालाही रझांच्या चित्राचा विचार करता येतो.

फक्त खरेपणाची खात्री हवी. सही पुरेशी नसते, कारण नक्कल करणारा आधी सहीच गिरवतो. चित्र कुणी कधी घेतलं, कुठे मांडलं गेलं, याची साखळी लागते. रझा फाउंडेशनच्या वतीने ॲन मॅकलिन यांनी १९४० ते १९५७ या काळातल्या कामांची स्वतंत्र सूची केली आहे. लिलावगृहं आता तिचा हवाला देतात.

मुंबई-नागपूरकडच्या एखाद्या जुन्या घरात या काळातलं चित्र असेल, तर फ्रेम बदलण्याची घाई करू नये. मागच्या पुठ्ठ्यावरची प्रदर्शनाची चिठ्ठी, फ्रेमवाल्याचा शिक्का, पिवळी पडलेली पावती हे सगळं चित्रासोबतच जपावं आणि जाणकाराला दाखवूनच पुढचं ठरवावं.