शेवटचा गेम तुम्ही कधी 'संपवला'? गोष्ट सांगणारे हे ७ गेम खेळून बघा

नांदगावहून मनमाड-नाशिकला रोज अप-डाऊन करणाऱ्यांच्या डब्यात एक दृश्य नेहमीचं आहे. खिडकीपाशी कोणी ना कोणी फोन आडवा धरून बसलेलं असतं. बीजीएमआय, नाहीतर फ्री फायर. मध्येच नेटवर्क जातं, गेम अडकतो आणि शिव्या बसतात.

त्यांना एकच विचारून बघा, "हा गेम संपतो कधी?" उत्तर येईल, "संपत नाही." आणि ते खरं आहे.

हे गेम संपत का नाहीत?

कारण ते फुकट असतात. डाउनलोडचे पैसे नाहीत, म्हणून कमाई आत होते. नवे कपडे, बंदुकीची स्किन, नवा सीझन, वर चढत जाणारी रँक. तुम्ही रोज परत आलात तरच हा हिशोब जमतो, त्यामुळे 'समाप्त' ही पाटी त्यांना परवडत नाही.

पैसे लावून खेळायचे ऑनलाइन गेम हा तिसराच प्रकार. त्यांच्यावर बंदी घालणारा कायदा संसदेने ऑगस्ट २०२५ मध्ये मंजूर केला. पण घरात 'गेम' म्हटलं की या सगळ्याला एकाच काठीने हाकलं जातं.

त्यात एक प्रकार मात्र उगाच मार खातो, तो म्हणजे गोष्ट सांगणारे गेम. यातल्या बहुतेकांचे पैसे एकदाच द्यायचे आणि काही तासांत शेवट गाठायचा. कादंबरी किंवा सिनेमासारखं.

मग सिनेमाच का नाही बघायचा?

कारण इथे गोष्ट तुमच्या हातून घडते. याचं सगळ्यात सोपं उदाहरण म्हणजे २०१८ चा फ्लोरेन्स. ऑस्ट्रेलियातल्या 'माउंटन्स' स्टुडिओचा हा फोनवरचा गेम. फ्लोरेन्स नावाची तरुणी कृष या भारतीय वंशाच्या चेलोवादकाच्या प्रेमात पडते, एवढीच गोष्ट.

पहिल्या भेटीत तिला काय बोलावं सुचत नाही. तेव्हा तुम्हाला कोड्याचे बरेच तुकडे जुळवून तिचं एक वाक्य तयार करावं लागतं. ओळख वाढते तसे तुकडे कमी होतात, शेवटी बोलणं आपसूक जुळतं. पुढे भांडण होतं आणि त्याच तुकड्यांना टोकदार कडा येतात. 'आता आमचं जमायला लागलं' हे कोणी सांगत नाही, ते तुमच्या बोटांना कळतं. तासाभराच्या आत गेम संपतो आणि शब्द जवळपास नाहीतच, त्यामुळे इंग्रजीची भीती नको. सुरुवात इथूनच करा.

फोनवरचे आणखी दोन

बरी मी, माय लव्ह (२०१७): नूर सीरियातून युरोपकडे निघाली आहे. तुम्ही तिचा नवरा मज्द, मागे राहिलेला. सगळा गेम चॅटमध्ये घडतो. ती विचारते, तुम्ही सल्ला देता, मग ती 'ऑफलाइन' होते आणि तुम्ही वाट बघत बसता. तुमच्या सल्ल्यांनुसार शेवट बदलतो.

धिस वॉर ऑफ माइन (२०१४): पोलंडच्या स्टुडिओचा युद्धावरचा गेम, पण तुम्ही सैनिक नाही. वेढलेल्या शहरात अडकलेली साधी माणसं सांभाळायची. औषध कोणाला द्यायचं? शेजारच्या म्हाताऱ्या जोडप्याचं अन्न चोरायचं का? पोलंड सरकारने २०२० मध्ये हा गेम शाळांच्या पूरक वाचनाच्या यादीत घेतला. विषय जड आहे, लहान मुलांच्या हातात देऊ नका.

आपल्या जवळ बनलेले

राजी: अ‍ॅन एन्शंट एपिक (२०२०) हा पुण्याच्या 'नॉडिंग हेड्स गेम्स'चा. असुरांनी पळवलेल्या गोलूला शोधायला त्याची बहीण राजी निघते. मागची कथा कळसूत्री सावल्यांच्या खेळातून आणि भिंतींवरच्या चित्रांतून उलगडते. २०१७ मध्ये या टीमने किकस्टार्टरवर लोकांकडे पैसे मागितले होते, ठरलेली रक्कम जमली नाही. तरी गेम पूर्ण झाला आणि 'द गेम अवॉर्ड्स'मध्ये पदार्पणाच्या गटात नामांकनापर्यंत पोचला. एक तक्रार आहेच: शेवट अर्धवट सोडल्यासारखा वाटतो.

फरगॉटन फील्ड्स (२०२१) गोव्याच्या 'फ्रॉस्टवुड इंटरॅक्टिव्ह'चा. लिखाण अडलेला सिड, त्याचं विकायला काढलेलं लहानपणीचं घर आणि तिथला शेवटचा दिवस. मारामारी शून्य. गावचं घर विकताना ज्यांनी पाहिलंय, त्यांना वेगळं सांगायला नको.

अ म्युझियम ऑफ ड्युबियस स्प्लेंडर्स (२०१८) गुजरातमधल्या चला या छोट्या गावातल्या 'स्टुडिओ ओलियोमिंगस'चा, आणि चक्क फुकट. खोल्याखोल्यांतून फिरायचं, अवाढव्य वस्तू बघायच्या, गोष्टी वाचायच्या.

हे तिन्ही कॉम्प्युटरवर खेळता येतात.

स्वयंपाकघरातली गोष्ट

या यादीतला माझा सगळ्यात आवडता वेन्बा (२०२३). १९८० च्या दशकात कॅनडात गेलेलं तमिळ कुटुंब. वेन्बाकडे आईची पाककृतींची वही आहे, पण पानं फाटलीत, अक्षरं पुसलीत. इडलीपात्रात ताटल्या कशा रचायच्या, हे तुम्हीच डोकं लावून शोधायचं. इकडे मुलगा मोठा होतोय आणि त्याला घरची भाषा नकोशी झालीय. दीड-दोन तासांच्या या गेमला २०२४ मध्ये पदार्पणाचा बाफ्टा मिळाला. ज्यांची भाचरं परदेशात 'आजी' इंग्रजी उच्चारात म्हणतात, त्यांनी नक्की खेळावा.

विकत घेण्याआधी

- स्टीमवर वर्षातून बऱ्याचदा सेल लागतो. गेम विशलिस्टमध्ये टाका आणि थांबा.
- स्टीमवर घेतल्यापासून १४ दिवसांत आणि २ तासांपेक्षा कमी खेळला असाल तर पैसे परत मागता येतात.
- लॅपटॉप जुना असेल तर गेमच्या पानावर खाली दिलेल्या गरजा आधी वाचा.

आणि मराठीत?

पुण्यात जन्मलेली राजी आधी इंग्रजीत बोलली, सुधारित आवृत्तीत हिंदीत. मराठीत नाही. पण वाट बघत बसायचीही गरज नाही. 'ट्वाइन' नावाचं फुकट साधन आहे. त्यात कोडिंग न शिकता, वाचकाला पर्याय देत पुढे जाणारी गोष्ट लिहिता येते, देवनागरीतसुद्धा.

विषय शोधायला लांब जावं लागणार नाही. नांदगाव तालुक्यातला उन्हाळा, गल्लीत टँकर आलाय, घरात चार भांडी आहेत आणि पाणी तीनच भरतील एवढं. कोणतं रिकामं ठेवाल?

झाला की नाही गेम सुरू?