दुपारचं युनिट, रात्रीचं युनिट

बेलपाड्यात सौर पॅनेलचा विषय निघाला की पैशांच्या आधी गच्चीचा प्रश्न येतो. एका किलोवॉटला साधारण शंभर चौरस फूट मोकळी जागा लागते. गावठाणातल्या गच्चीवर पाण्याच्या टाक्या, डिश आणि कपड्यांच्या दोऱ्या आधीच ठाण मांडून असतात. त्यात शेजारची इमारत दोन मजले उंच असली की दुपारी तीनलाच ऊन संपलं. फ्लॅटवाल्याची तर गच्चीच स्वतःची नसते. मग सोसायटीने लिफ्ट, पंप आणि जिन्यातल्या दिव्यांच्या कॉमन मीटरवर पॅनेल घ्यायचं. पीएम सूर्यघर योजनेत त्याला किलोवॉटमागे 18,000 रुपये अनुदान आहे, तर स्वतंत्र घराला तीन किलोवॉटसाठी 78,000.

पॅनेल बसलं की मीटर बदलतो आणि बिलावर दोन आकडे येतात, आयात आणि निर्यात. समजा, महिन्यात 400 युनिट आत आले आणि 300 बाहेर गेले, तर वीज आकार 100 युनिटांचाच. शिल्लक राहिली तर ती पुढच्या महिन्यात जाते. 31 मार्चला हिशेब मिटतो, उरलेल्याचे पैसे वीज नियामक आयोगाने ठरवलेल्या दराने मिळतात. स्थिर आकार मात्र चुकत नाही. राज्यात 2015 पासून ही वजाबाकी, म्हणजे नेट मीटरिंग, चालू आहे. 2019 च्या नियमांच्या मसुद्यात निर्यातीला वेगळा दर देणारं नेट बिलिंग आणण्याचा घाट होता, पण हरकतींनंतर नेट मीटरिंग टिकलं.

महावितरणचं दुखणं या वजाबाकीतच आहे. भर दुपारी दिलेलं युनिट रात्री आठला तसंच परत मागता येतं, बाजारात मात्र दोन्हींचा भाव सारखा नसतो. तारा, रोहित्रं, लाइनमन यांचा खर्च बराचसा युनिटच्या दरातूनच निघतो. त्यात घरगुती दर टप्प्यांचे, आणि पॅनेलमुळे आधी गळतात ते वरच्या, महागड्या टप्प्यातले युनिट. त्यांच्याच जोरावर खालच्या टप्प्याला आणि शेतीपंपांना सवलत मिळते. भार सरकतो तो भाड्याच्या खोलीत राहणाऱ्यावर, ज्याला गच्चीच नाही.

तरी कंपनीचं रडगाणं मला पुरतं पटत नाही. बेलपाड्यातल्या गच्चीवरून निघालेलं युनिट समोरच्या दुकानातल्या फ्रिजमध्येच खपतं. लांबून वीज आणतानाची गळती वाचते, आणि दुकानदाराकडून पूर्ण दर वसूल होतो तो वेगळाच. दुपारची वीज वाढतेय तीही काही एकट्या गच्च्यांमुळे नाही. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना 2.0 चं लक्ष्यच 16,000 मेगावॉटचं आहे! नेट मीटरिंग मोडण्यापेक्षा घड्याळाप्रमाणे दर लावणं सरळ. वेळेनुसार वापर मोजणाऱ्या टीओडी मीटरवाल्या घरगुती ग्राहकाला सकाळी 9 ते संध्याकाळी 5 च्या वापरावर जुलै 2025 पासून सवलत आहे, ती त्याच वाटेवरची.

खरी मेख 2019 च्या नियमांत आहे. राज्यातली छतावरची सौरक्षमता 5,000 मेगावॉटला पोचेपर्यंत ग्रिडच्या आधाराबद्दलचा वेगळा ग्रिड सहाय्य आकार लागणार नाही, आणि 10 किलोवॉटपर्यंत मंजूर भार असलेल्यांना त्यानंतरही माफी. म्हणजे आयोगाने तो आकार लावलाच, तर गावठाणातलं तीन किलोवॉटचं घर सुटेल आणि लिफ्ट-पंपांचा मोठा भार घेतलेली सोसायटी सापडेल.